तणशीने पोट भरते, मग कालवड का वाढत नाही?

ताईंनो, धान निघाला की आपल्या भंडारा जिल्ह्यात घरोघरी तणशीचे ढीग लागतात. गटाच्या कर्जातून घेतलेली कालवड वर्षभर तीच खाते. पोट टम्म, पण बरगड्या मोजून घ्या! कालवड माजावर येते ती वयापेक्षा वजनावर. वजन रखडले की पहिले वेत लांबते, दूध नाही, आणि हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागतो.

कमी पडते ते प्रथिन. तणीस गाय स्वतः पचवत नाही; तिच्या पोटातल्या मोठ्या कप्प्यातले सूक्ष्मजंतू पचवतात. त्या जंतूंना नत्र लागते, ते प्रथिनातून मिळते. खुराकात प्रथिने साधारण 7 टक्क्यांच्या खाली गेली की जंतू मंदावतात, तणीस पोटात रेंगाळते, जनावर कमी खाते आणि खाल्लेलेही बरेचसे शेणावाटे जाते. तणशीत प्रथिने जेमतेम 4 टक्के.

आता हिशेब करून पहा. 4 किलो तणशीत प्रथिने 160 ग्रॅम. त्याऐवजी 3 किलो तणीस आणि 1 किलो सरकी ढेप दिली, तर 120 आणि 220 मिळून 340 ग्रॅम, म्हणजे साडेआठ टक्के. वजन तेवढेच, पण आता तणीसही अंगी लागते. वाढत्या कालवडीला खरे तर 12 टक्क्यांच्या आसपास हवे, म्हणून जोडीला लाखोळीचे कुटार, बरसीम असे द्या. उतेऱ्याची लाखोळी निघाली की कुटार विकून टाकू नका, ते तणशीपेक्षा कितीतरी सरस.

मग ढेप दुप्पट केली तर? फायदा नाही. जादा प्रथिनाचा अमोनिया होतो, यकृत त्याचा युरिया करते आणि तो मुतावाटे निघून जातो. ढेपेचे पैसे गोठ्याच्या नालीत!

ढेप परवडत नसेल तर तणशीवर युरियाची प्रक्रिया करता येते. 100 किलो तणशीला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबायचे आणि प्लास्टिकने 21 दिवस हवाबंद ठेवायचे. काढल्यावर उग्र वास उडू द्या, मग थोडी थोडी सुरू करा. पहिल्यांदा पशुसखी किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरांना सोबत घेऊनच करा. सुका युरिया किंवा त्याचे पाणी जनावराच्या तोंडी गेले तर ते विष आहे. सहा महिन्यांखालच्या वासराला ही तणीस देऊ नका.

डुकरे पाळणाऱ्या बहिणींनीही देऊ नये. डुकराला असा जंतूंचा कप्पा नसतो. वाढत्या पिलांना 16 ते 18 टक्के प्रथिन थेट खाद्यातूनच लागते. नुसत्या कोंडा-कनकीवर ती चरबी धरतात, मांस नाही.

खुराक बदलला त्या दिवशी कालवडीच्या छातीचा घेर टेपने मोजा. पुढच्या महिन्यात त्याच तारखेला, सकाळी चारा टाकण्याआधी, पुन्हा मोजा आणि वहीत लिहा.