तेंडुलकरांचे दहा सेकंद

दहा सेकंदांत माणूस किती बोलू शकेल? फार तर तीन-चार वाक्यं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात लीला बेणारेला स्वतःची बाजू मांडायला न्यायाधीश नेमका एवढाच वेळ देतात. आणि विजय तेंडुलकर तेवढ्यात तिच्या अख्ख्या आयुष्याचा हिशेब मांडतात! कसा? रंगमंचावरचे बाकीचे सगळे होते तिथेच थिजतात आणि बेणारे बोलत राहते, मिनिटांमागून मिनिटं. मंडळी पुन्हा हलू लागतात तेव्हा त्यांच्या लेखी दहा सेकंदच गेलेले असतात. तिचा एक शब्दही त्यांच्या कानी पडलेला नाही. ऐकलंय ते फक्त तुम्ही-आम्ही.

मुळात ते कोर्टही खोटं. गावात प्रयोगाला आलेली हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला खटल्याचा खेळ मांडतात, आणि बघता बघता खेळातला आरोप खऱ्या बाईवर येऊन बसतो.

असा लेखक सिनेमाकडे वळला, तर काय करील? संवादांचा पाऊस पाडील, असंच वाटतं ना? ‘सामना’त थोडंफार तसं आहेही. साखरसम्राट हिंदुराव आणि दारुडा मास्तर, म्हणजे निळू फुले आणि श्रीराम लागू! ऊस पिकवणाऱ्या धाराशिवकराला त्यातलं कारखान्याचं राजकारण समजावून सांगायला नको. तरी ही आपल्या मातीतली गोष्ट १९७५ साली थेट बर्लिनच्या महोत्सवात पोचली.

पण खरी कमाल पुढे आहे. १९८० सालचा ‘आक्रोश’. पुन्हा खटला, पुन्हा आरोपी. या वेळी कोर्ट खरं आणि आरोपी गप्प! पत्नीच्या खुनाचा आळ आलेला आदिवासी लहान्या भिकू स्वतःच्या वकिलाशीही बोलत नाही. ज्यांनी तिच्यावर अत्याचार केला, त्यांच्याच हातात गाव आहे. मागे म्हातारा बाप आहे, तरुण बहीण आहे. तोंड उघडायचं कुणाच्या भरवशावर?

नाटकात हे जमलं असतं? मला नाही वाटत. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाचे डोळे दिसत नाहीत. त्याच्यापर्यंत मन पोचवायचं तर शब्दच हवेत. कॅमेरा मात्र लहान्या झालेल्या ओम पुरींच्या चेहऱ्याजवळ जाऊन थांबू शकतो. तेंडुलकरांनी ते ओळखलं आणि नायकाचे संवादच काढून घेतले. गंमत म्हणजे दिग्दर्शक गोविंद निहलानी यांनीच ‘शांतता!’वरच्या १९७१ च्या चित्रपटाचं छायाचित्रण केलं होतं. बेणारेचं ते बोलणं त्यांनी कॅमेऱ्यातून पाहिलेलं होतं!

लहान्याच्या तोंडून अखेर फुटते ती किंकाळी. अशा जवळजवळ मुक्या नायकाच्या चित्रपटासाठी तेंडुलकरांना फिल्मफेअरची दोन पारितोषिकं मिळाली, कथेचं आणि पटकथेचं. संवाद लिहिले होते सत्यदेव दुबे यांनी.