गांधीजींची राजकोटमधली शाळा बंद का झाली? आज तिथे काय पाहायला मिळतं?

शाळा दीडशे वर्षांहून जुनी. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत थेट महात्मा गांधी. तरीही २०१७ मध्ये राजकोटच्या या सरकारी शाळेने उरलेल्या मुलांच्या हातात दाखले दिले आणि वर्ग कायमचे बंद झाले. आज तिथे महात्मा गांधी म्युझियम आहे.

नेमकं झालं काय?

ही शाळा १८५३ मध्ये सुरू झाली. सौराष्ट्रातली पहिली इंग्रजी शाळा अशी तिची ओळख. आज दिसणारी कमानींची भव्य इमारत १८७५ ची. ती जुनागढच्या नवाबाने बांधून दिली. ब्रिटिश राजपुत्र आल्फ्रेड यांच्यावरून तिला 'आल्फ्रेड हायस्कूल' म्हटलं जायचं. स्वातंत्र्यानंतर मोहनदास गांधी यांचं नाव देण्यात आलं.

नाव मोठं झालं, पट मात्र घटत गेला. निकालही घसरले. शेवटी सव्वाशेच्या आसपास विद्यार्थी उरले होते. त्यांना दुसऱ्या शाळांमध्ये जावं लागलं. ३० सप्टेंबर २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते संग्रहालयाचं उद्घाटन झालं.

गांधीजी इथे कसे विद्यार्थी होते?

अगदी सर्वसाधारण! १८८७ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेही साधारण ४० टक्के गुणांनी. 'केटल' या शब्दाचा प्रसिद्ध किस्सा याच शाळेतला. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. मोहनदासचं 'केटल'चं स्पेलिंग चुकलं. शेजारच्या मुलाच्या पाटीवर बघ, असं शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावलं. मोहनदासने कॉपी केली नाही. बाकी सगळ्या मुलांचे पाचही शब्द बरोबर आले होते!

फायदा झाला की तोटा?

फायदा असा की पडझडीला आलेली इमारत दुरुस्त झाली आणि कुणालाही तिकीट काढून आत जाता येऊ लागलं. तोटा असा की शहराच्या मध्यभागातली गुजराती माध्यमाची सरकारी शाळा गेली. जी शाळा सामान्य मुलाला सांभाळून घेण्यासाठी ओळखली जावी, तीच कमी निकालामुळे अडचणीत आली. कमी पटाच्या शाळांचं करायचं काय, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांसमोरही आहेच. इमारत वाचवणं आणि शाळा वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे राजकोटमध्ये स्पष्ट दिसतं.

जाणार असाल तर...

जुन्या वर्गखोल्यांमध्येच दालनं केली आहेत. पोरबंदरपासून दक्षिण आफ्रिका आणि स्वातंत्र्यलढ्यापर्यंतचा गांधीजींचा प्रवास फोटो, स्क्रीन आणि देखाव्यांतून उलगडतो. पण नुसत्या स्क्रीन बघून बाहेर पडू नका. उंच छत, लांबलचक व्हरांडे, कमानी हेही निवांत बघा.

हाताशी वेळ असेल तर शहरातली आणखी दोन ठिकाणं बघता येतील. गांधी कुटुंबाचं घर, म्हणजे 'कबा गांधी नो डेलो', आणि जुबिली बागेतलं वॉटसन म्युझियम. घर, शाळा आणि त्या काळचं काठियावाड, असं तिन्ही मिळून चित्र पूर्ण होतं.