पट्टी गायब झाली, म्हणजे अँटिबॉडी खरी?

आपल्या घरांतल्या बायोटेक शिकणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी ‘ब्लॉकिंग पेप्टाइड’ हा शब्द येतो. हे औषध नव्हे. अमिनो आम्लं जोडून कृत्रिमरीत्या बनवलेला प्रथिनाचा छोटा तुकडा.

ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज-१ हे एन्झाइम घ्या. पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचं ते पाणी करतं. त्यात सेलेनियम असतं, हे १९७३ मध्ये कळलं. नमुन्यात ते आहे का, हे बघायला त्याला चिकटणारी अँटिबॉडी लावतात आणि पट्टी उमटते. पण ती पट्टी त्याचीच कशावरून? या एन्झाइमला मिळतीजुळती भावंडं आहेत. एम.एस्सी.चा अख्खा प्रोजेक्ट कधी कधी या एका पट्टीवर उभा असतो!

म्हणून अँटिबॉडी ज्या तुकड्याविरुद्ध तयार केली, तोच तुकडा भरपूर प्रमाणात तिच्यात आधी मिसळतात. तिची जागा अडली, की ती नमुन्याला चिकटत नाही. तरीही पट्टी उमटलीच, तर ती भलत्याच कशाची तरी आहे असं समजा.

पट्टी गेली तरी लगेच खूश होऊ नये. भावंडात तसाच तुकडा असेल, तर त्याचीही पट्टी जाणारच. खरी परीक्षा वेगळी: या एन्झाइमचा जीनच काढून टाकलेल्या पेशींवर तीच अँटिबॉडी लावायची. तिथे त्याच जागी पट्टी दिसली, तर ती अँटिबॉडी या कामाची नाही.