एका घरात दोन कारभारी

राउटरविषयी लेख, आणि तोही कला शाखेच्या विद्यार्थिनीने लिहिलेला, हे पाहून विज्ञान शाखेची मंडळी गालातल्या गालात हसतील. हसोत बापडी! पण गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक घडली आणि तिच्यामुळे आमच्या वसतिगृहाचा अख्खा तिसरा मजला एक रात्र आणि अर्धा दिवस इंटरनेटवाचून राहिला. ती चूक नेमकी कोणती, हे समजून घेताना जे कळले ते इतरांच्या उपयोगी पडावे, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

आमची खोली मजल्याच्या अगदी टोकाला. वसतिगृहाचे वायफाय तिथवर येईपर्यंत मलूल होऊन जाते. भिंतीत मात्र इंटरनेटच्या वायरीसाठी एक सॉकेट आहे. दिवाळीच्या सुट्टीत मामांकडचा जुना घरगुती राउटर मला मिळाला. त्याच्या पाठीमागे पाच खाचा होत्या; एक वेगळ्या रंगाची आणि चार सारख्या. हाताला लागली त्या खाचेत मी वायर खोचली आणि काय आश्चर्य, मोबाइलवर इंटरनेट धावू लागले!

हा आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला. मुली कॉलेजातून परतू लागल्या तशी एकेका खोलीतून ओरड ऐकू येऊ लागली. वायफायच्या रेघा पूर्ण दिसत, पण इंटरनेट नाही. रात्री माझाही मोबाइल त्याच रोगाने आजारी पडला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा दुसरा दिवस शेवटचा होता. त्यातच सकाळी वायरमन काकांनी मजल्यावर काही दुरुस्ती केली होती. साहजिकच सगळा ठपका त्यांच्यावर आला. खोटे कशाला बोलू, मीही त्यात सूर मिसळला. बिचारे काका रात्री उशिरापर्यंत शिडीवर चढून वायरी तपासत राहिले.

आता मूळ विषयाकडे वळू. राउटर म्हणजे घराचा कारभारी. त्याची मुख्य कामे दोन. पहिले, घरात येणाऱ्या प्रत्येक मोबाइलला किंवा संगणकाला आकडी पत्ता नेमून देणे. या पद्धतीला ‘डीएचसीपी’ म्हणतात. दुसरे, आतल्या पत्त्यांची बाहेरच्या पत्त्याशी सांगड घालणे. याला ‘नॅट’ म्हणतात.

ही सांगड कशाला हवी? इंटरनेटच्या जुन्या, पण आजही सर्रास वापरात असलेल्या पद्धतीत पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. जगाच्या लोकसंख्येपेक्षाही ती कमी! वाटपासाठी ठेवलेला मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपलासुद्धा. ही टंचाई जाणकारांनी आधीच ओळखली होती. १९९४ साली नॅटची युक्ती मांडली गेली आणि १९९६ साली पत्त्यांचे तीन गट खाजगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारा गट त्यांपैकीच एक. ‘खोली क्रमांक ५’ जशी प्रत्येक वसतिगृहात असते, तसाच १९२.१६८.१.५ हा पत्ता लाखो घरांत असू शकतो. बाहेरचे टपाल येते ते वसतिगृहाच्या एकाच पत्त्यावर. कोणते कोणत्या खोलीचे, हे कारभारी आपल्या वहीत पाहून ठरवतो.

संस्थेचा मोठा राउटर हीच कामे शेकडो जणांसाठी करतो. शिवाय मजल्यामजल्यांचे वेगळे गट पाडणे, नको ती वाहतूक अडवणे आणि कोणी केव्हा जोडणी घेतली याची नोंद ठेवणे, हेही त्याच्याकडून करवून घेता येते. अशा मोठ्या कारभाऱ्याच्या हाताखाली घरगुती राउटर जोडायचा, तर सरळ मार्ग दोनच.

पहिला मार्ग पोटभाडेकरूचा. भिंतीतली वायर त्या वेगळ्या रंगाच्या, म्हणजे ‘वॅन’ नावाच्या खाचेत घालायची. घरगुती राउटर मोठ्याकडून एक पत्ता घेतो आणि आपल्या खोलीपुरता वेगळा संसार मांडतो. टपालाची नोंद आता दोन वह्यांत होते. वाचन, व्हिडिओ, अर्ज भरणे यांत त्याने सहसा अडचण येत नाही. मात्र बाहेरून कोणी आत येऊ पाहील, जसे काही खेळ किंवा घरचा कॅमेरा, तर दोन वह्यांच्या मध्ये त्याची वाट चुकते. यात दोन पथ्ये पाळावी लागतात. आतले आणि बाहेरचे पत्ते एकाच गटातले असू नयेत. दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल, तर अमुक पत्ता घरातला की बाहेरचा, हे राउटरला ठरवता येत नाही. आतला गट १९२.१६८.५० असा बदलला की काम भागते. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे. मोठ्या राउटरला आपल्या खोलीतून एकच उपकरण दिसते. आपला पासवर्ड घेऊन मैत्रिणीने काहीही केले, तरी नोंद आपल्याच नावावर होते.

दुसरा मार्ग कारभार सोडण्याचा. घरगुती राउटरने पत्ते वाटायचे नाहीत. फक्त वायरीतून आलेले इंटरनेट हवेत पसरवायचे. त्यासाठी त्याचे डीएचसीपी बंद करावे, त्याला वसतिगृहाच्या गटातला एक मोकळा पत्ता द्यावा आणि वायर चार सारख्या, म्हणजे ‘लॅन’ खाचांपैकी एकीत घालावी. पुष्कळ राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्याय असतो. तो निवडला की बहुतेक बदल आपोआप होतात. मग पत्ते मोठा राउटरच देतो आणि प्रत्येक मोबाइल त्याला वेगळा दिसतो.

मी केले ते या दोन्हींच्या मधले. वायर लॅन खाचेत घातली आणि कारभार मात्र चालूच ठेवला. जाळ्यात नव्याने येणारा मोबाइल “मला कोणी पत्ता देता का?” अशी सर्वांना हाक घालतो. त्या हाकेला आता दोन कारभारी ओ देऊ लागले, आणि मोबाइल बहुधा पहिले उत्तर स्वीकारतो. माझ्या राउटरने पत्त्यासोबत “बाहेर जायचे तर माझ्या दारातून जा,” असेही सांगितले. पण त्याच्या बाहेरच्या दाराला वायरच नव्हती! माझ्या मोबाइलला आरंभी योगायोगाने मोठ्या राउटरचा पत्ता मिळाला, म्हणून मी फसले. अनोळखी कारभाऱ्याचे उत्तर अडवण्याची सोय संस्थांच्या स्विचमध्ये पुष्कळदा असते. आमच्याकडे ती चालू केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तंत्रज्ञ दादा आले. त्यांनी एकीच्या मोबाइलमध्ये पाहिले आणि म्हणाले, “हा पत्ता आपला नाही. मजल्यावर दुसरेच कोणी पत्ते वाटते आहे.” त्यांनी वाचलेला आकडा मी ओळखला. माझ्या राउटरच्या पोटाखालच्या चिठ्ठीवर तोच छापलेला होता. क्षणभर वाटले, गुपचूप वायर काढावी. कोणाला कळणार आहे? पण काका शिडी धरून तिथेच उभे होते. मी खोलीतून राउटर आणला आणि सर्वांसमोर काकांची माफी मागितली. ते एवढेच म्हणाले, “पोरी, काल सांगितलं असतंस तर शिडीवर तरी चढलो नसतो.” मला ठाऊकच नव्हते, हे खरे, पण ठाऊक नसताना मी त्यांना दोष दिला, हेही तितकेच खरे.

अर्ज सायंकाळपर्यंत भरले गेले. पुढे रेक्टर मॅडमना रीतसर अर्ज देऊन तो राउटर दादांकडून ‘ॲक्सेस पॉइंट’ करून घेतला. आता तो तिसऱ्या मजल्याच्या अभ्यासिकेत आहे आणि टोकाच्या खोल्यांतल्या सगळ्याजणी तिथे बसून त्याचा उपयोग करतात. तेव्हा वाचकहो, सामायिक जाळ्यात आपले यंत्र जोडण्यापूर्वी परवानगी घ्या, खाच पाहा, आणि आपला राउटर तिथे भाडेकरू राहणार की मदतनीस, हे आधी ठरवा.