प्रत्येक सीपीयूचा साठा वेगळा, मग लॉक कशाला?

कर्नलचा अभ्यास सुरू केला की एक समज लवकर पक्का होतो. मेमरीचा साठा सगळ्या सीपीयूंमध्ये सामाईक असेल तर लॉक लागतो. प्रत्येक सीपीयूला त्याचा वेगळा साठा दिला की लॉकचा प्रश्नच मिटतो. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग चुकीचा आहे, आणि तो खरा मानून लिहिलेला कोड महिनोन्‌महिने सुरळीत चालून एखाद्या नेमक्या क्षणी आलेल्या इंटरप्टने मोडतो. साठा वेगळा केल्याने सीपीयूंमधली स्पर्धा कमी होते, एवढेच. त्या साठ्याला हात कोण लावू शकतो आणि कधी, हा प्रश्न तसाच उरतो.

साठा वेगळा करण्याची कल्पना जुनी आणि भक्कम आहे. पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनी 1993 मध्ये सीक्वेंट कंपनीच्या बहु-सीपीयू यंत्रांवरच्या मेमरी वाटपाबद्दल निबंध लिहिला, त्यातही तीच होती. जेफ बॉनविक यांचा सोलॅरिसमधला स्लॅब अलोकेटर 1994 मध्ये जगापुढे आला आणि 2001 मध्ये बॉनविक व जोनाथन ॲडम्स यांनी त्याला प्रत्येक सीपीयूमागे वेगळी ‘मॅगझिन’ जोडल्याचे मांडले. या सगळ्यामागचे कारण मात्र ‘लॉक मुळातच मंद असतो’ हे नाही. जो लॉक एकच सीपीयू पुन्हा पुन्हा घेतो, तो त्याच्या स्वतःच्या कॅशमध्येच राहतो आणि त्याचा खर्च सोसण्यासारखा असतो. तोच लॉक अनेक सीपीयू मागू लागले की त्याची, बहुतेक यंत्रांवर 64 बाइटांची, कॅश-लाइन एका सीपीयूकडून दुसऱ्याकडे फिरत राहते, आणि खरा वेळ तिथे जातो. म्हणजे महाग पडते ती ओढाताण. हा फरक नीट धरून ठेवायला हवा, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

सीपीयूच्या खासगी साठ्यात तिघे जण ढवळाढवळ करू शकतात. पहिला शेड्युलर: काम अर्ध्यात थांबवून तो ते दुसऱ्या सीपीयूवर हलवतो, आणि हातातला पॉइंटर मात्र जुन्या सीपीयूच्या साठ्याचा राहतो. दुसरा इंटरप्ट: तो त्याच सीपीयूवर मध्येच येऊन त्याच यादीतून मेमरी मागतो. तिसरा दुसरा सीपीयू: मेमरीची टंचाई झाली की साचलेली पाने परत गोळा करायला तो येतो. प्रीएम्प्शन, म्हणजे काम मध्येच थांबवण्याची मुभा, बंद केले की पहिला थांबतो. इंटरप्ट बंद केले की पहिले दोन थांबतात. तिसऱ्याला यातले काहीच अडवत नाही. ‘इंटरप्ट बंद केले म्हणजे डेटा सुरक्षित’ हा समज इथेच फसतो. शिवाय इंटरप्ट जितका वेळ बंद, तितका वेळ तो सीपीयू बाहेरच्या घटनेला उत्तर देऊ शकत नाही. हा उपाय फुकटचा नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लिनक्सच्या स्लब (SLUB) अलोकेटरमध्ये 2011 पासूनच्या जलद मार्गावर लॉकही नव्हता आणि इंटरप्टही बंद करावे लागत नव्हते. मग लॉकविना भागते, हे सिद्धच झाले की! भागते, पण त्यासाठी केवढी तजवीज करावी लागली ते पाहा. तिथे मोकळ्या वस्तूंच्या यादीचा पॉइंटर आणि व्यवहार-क्रमांक हे दोन्ही एकाच सूचनेत तपासून बदलले जात. हे क्रमांक प्रत्येक सीपीयूसाठी असे वाटलेले असत की मध्येच काम दुसरीकडे हलले किंवा इंटरप्टने यादी बदलली, तर जुळणी फसे आणि प्रयत्न पहिल्यापासून होई. पहिल्या दोघांचा बंदोबस्त असा होई. पण एका सीपीयूवर घेतलेली वस्तू दुसऱ्याने सोडली की ती सहसा या मार्गाने जातच नसे. ती वस्तू ज्या स्लॅबमधली (म्हणजे पानांच्या गटातली), त्याच्या सामाईक यादीत जाई, आणि तिथे सर्व सीपीयूंना बांधून घेणारी, महागडी ॲटॉमिक सूचना किंवा लॉक लागेच.

सर्वांत बोलका पुरावा लिनक्सच्या पान-वाटपात आहे. तिथे प्रत्येक सीपीयूमागे मोकळ्या पानांची यादी असते. ती रिकामी करायची तर पूर्वी त्या त्या सीपीयूवरच काम पाठवावे लागे. एखादा सीपीयू रिअल-टाइम कामासाठी मुद्दाम एकटा ठेवलेला असेल, तर त्या कामात हा व्यत्यय येई. म्हणून 2022 मध्ये, लिनक्स 6.0 मध्ये, मेल गोरमन आणि निकोलस साएन्झ जूलिएन यांच्या कामातून या खासगी याद्यांना चक्क स्पिनलॉक (न झोपता वाट पाहायला लावणारा लॉक) बसवला गेला. तो जवळजवळ नेहमी मालक सीपीयूच घेतो, त्यामुळे ओढाताण नगण्य, आणि क्वचित दुसऱ्या सीपीयूला दुरूनच यादी रिकामी करता येते. पुढे 6.2 मध्ये याच लॉकमुळे तिथे इंटरप्ट बंद करण्याची गरजही गेली: मध्येच आलेल्या इंटरप्टला लॉक मिळाला नाही, तर तो वाट न पाहता सामाईक साठ्याकडे वळतो. लॉक आला आणि यंत्राची तत्परता वाढली. एरवी उलट वाटचालही दिसते. फ्रीबीएसडीने 2005 मध्ये आपल्या अलोकेटरमधले सीपीयूनिहाय म्युटेक्स काढून त्या जागी क्रिटिकल सेक्शन, म्हणजे प्रीएम्प्शन बंद करणे, आणले. दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात, कारण दोन्हीकडे आधी ‘कोण येऊ शकतो’ हे ठरवले गेले.

आणखी एक घोळ वारंवार होतो. सीपीयूनिहाय साठ्यातून मेमरी घेणे वेगळे, आणि प्रत्येक सीपीयूसाठी एकेक प्रत असलेले चल निर्माण करणे वेगळे. हे दुसरे काम करणारा, तेजुन हिओ यांनी 2009 मध्ये लिनक्सला दिलेला अलोकेटर संपूर्ण यंत्रासाठी एकच म्युटेक्स आणि एकच स्पिनलॉक वापरतो. वाचायला विचित्र वाटेल, पण कारण सरळ आहे. नवी पाने आणून जोडताना थांबावे लागू शकते, त्यासाठी म्युटेक्स. मेमरी सोडणे मात्र इंटरप्टमधूनही शक्य हवे, आणि तिथे झोपता येत नाही. म्हणून नोंदींच्या नकाशाला स्पिनलॉक, आणि रिकामी पाने परत करण्याचे जड काम नंतरसाठी बाजूला. झोपता न येणाऱ्या ठिकाणाहून वाटपाची सोय 2014 मध्ये आली, तीही आधीच जोडून ठेवलेल्या पानांपुरती. असे चल क्वचित निर्माण होते आणि असंख्य वेळा वापरले जाते. त्यामुळे निर्मितीच्या वेळचा सामाईक लॉक परवडतो.

थॉमस ग्लाइक्सनर यांनी 2020 मध्ये, लिनक्स 5.8 मध्ये, ‘लोकल लॉक’ आणला तो एक संदिग्धता घालवण्यासाठी. नुसते ‘प्रीएम्प्शन बंद’ असे लिहिले तर कोणता डेटा राखला जातो आहे ते वाचणाऱ्याला कळत नाही, तपासणीच्या साधनांनाही नाही. लोकल लॉकला नाव असते. साध्या कर्नलमध्ये तो प्रीएम्प्शन किंवा इंटरप्ट बंद करण्यापुरताच राहतो, तर रिअल-टाइम कर्नलमध्ये त्या सीपीयूचा खराखुरा लॉक बनतो. कर्नलमध्ये सीपीयूनिहाय डेटा लिहिणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढे करावे: त्या डेटाशेजारी टिप्पणीत लिहून ठेवावे की त्याला शेड्युलर, इंटरप्ट आणि दुसरा सीपीयू यांपैकी कोण शिवू शकतो, आणि कोणता उपाय कोणासाठी आहे.