डबा हाताशी हवा

सकाळी ७. मडिवाळ्याकडची गर्दी वाढायच्या आत मी बंगळुरूच्या कोरमंगलात पोचते. मी बेळगावची, इथल्या एका खासगी हॉस्पिटलात संसर्ग-नियंत्रणाची सिस्टर. नाइटच्या मुली हँडओव्हर देत असतात, बऱ्याचशा केरळच्या. पेशंटचं सगळं वहीत असतं. कुणाची कंबर धरली, कुणावर नातेवाईक धावून आला, हे वहीत नसतं; ते मला विचारून काढावं लागतं.

८. राऊंड. सुया-ब्लेडांसाठी पांढरा, टोचून न फुटणारा डबा लागतो. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत तो सांगितलेला आहे. मी डबा आहे का यापेक्षा कुठे आहे ते बघते. तो वॉर्डाच्या टोकाला असला, की वापरलेली सुई हातात घेऊन चालावं लागतं. मग मुली टोपण परत लावतात आणि तिथेच सुई दुसऱ्या हाताच्या बोटात शिरते. 'काळजी घ्या'ची पोस्टरं भिंतीवर कितीही असोत, डबा ट्रॉलीवरच हवा.

९.४०. फोन येतो, तिसऱ्या मजल्यावर सुईचा प्रिक. शिकाऊ मुलगी, रक्त काढून झाल्यावर पेशंटने हात झटकला. ग्लोव्हवर मोहरीएवढा लाल ठिपका. तिचा पहिला प्रश्न, "अक्का, कॉलेजात कळवणार का?" रागावतील या भीतीने मुली प्रिक लपवतात, आणि हातातला वेळ जातो. बोट पिळायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी. पेशंटच्या रक्ताची तपासणी लगेच. एचआयव्हीची शंका असेल तर औषधाचा पहिला डोस दोन तासांत मिळालेला उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि पुढे २८ दिवस गोळ्या. मी तिला आकडेही सांगते: एचआयव्हीबाधित रक्ताच्या हजार प्रिकमध्ये साधारण तिघांना लागण होते; लस न घेतलेल्यांना हेपटायटिस बीचा धोका त्याहून कितीतरी मोठा, शंभरात तिसापर्यंत. तिचे लसीचे तिन्ही डोस झालेत. टायटर, म्हणजे लसीने रक्तात पुरेसं संरक्षण तयार झालं का, हे मात्र कुणी तपासलेलं नाही. तेही आजच करून घेते.

१२. स्ट्रोकच्या आजोबांना कुशीवर वळवायचंय. सिस्टर एकटीच ओढायला लागली होती. वॉर्डबॉय येईपर्यंत मी तिला थांबवलं. पाठ एकदा गेली की नोकरीभर पुरते.

१.३०. जेवणाचे डबे उघडले की लिनीचा विषय हमखास निघतो. केरळातल्या पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातली नर्स लिनी पुथुश्शेरी २१ मे २०१८ला निपाहने गेली. तिने ज्याची शुश्रूषा केली, त्याला निपाह आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तापाचा, खोकल्याचा पेशंट आला की मास्क निदानाची वाट न बघता लावायचा, यावर माझा हट्ट असतो.

४. भेटीची वेळ. एका खाटेभोवती सहा-सात माणसं, आवाज चढलेले. डॉक्टर-नर्सवर हात उचलणाऱ्याला शिक्षा देणारा कर्नाटकाचा कायदा २००९पासून आहे, त्याचा फलक गेटवर आहे. पण रात्री दोनला वॉर्डात सिक्युरिटी हवा, तो नसतो. नर्स अरुणा शानभाग आमच्याच राज्यातल्या, उत्तर कन्नडातल्या हळदीपूरच्या. मुंबईच्या केईएममध्ये २७ नोव्हेंबर १९७३ला त्या तळघरात कपडे बदलत असताना तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. त्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ त्या खाटेवरच होत्या आणि तिथल्या नर्सनी त्यांना सांभाळलं. नर्सची चेंजिंग रूम कुठे असावी, तिथे जाताना दिवे आहेत का, दाराला आतून कडी आहे का, हे नकाशा काढतानाच कुणीतरी विचारायला हवं. आमच्याकडे मी आत्ता विचारतेय.

५.३०. प्रिकचा फॉर्म. 'कारण' या रकान्यात बहुतेक वेळा निष्काळजीपणा लिहिला जातो. मी लिहिते: ट्रॉलीवर डबा नव्हता, सोबत सीनियर सिस्टर नव्हती. नर्सिंग कौन्सिलच्या प्रमाणाने साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक नर्स हवी. त्या वेळी वॉर्डात किती होत्या, तोही आकडा टाकते. पेशंटचा एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, टायटर उद्या कळेल. स्टोअरला ट्रॉलीवर बसणाऱ्या डब्यांची मागणी पाठवली आहे, आणि मेट्रनना तिसऱ्या मजल्यासाठी आणखी एक सिस्टर मागितली आहे, लेखी.