उवा : लाज नको, उपाय हवा

मुलीच्या डोक्यात उवा दिसल्या की आपण आधी लाजतो व मग तिच्यावरच रागावतो. वास्तविक, उवा होणे हे अस्वच्छतेचे लक्षण नाही. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोके लागले की केसावरून केसावर चालत जाते. एका बाकावर बसणारी, एका अंथरुणात झोपणारी मुले म्हणूनच तिला सापडतात.

लीख टाळूजवळ केसाला घट्ट चिकटलेली असते व ७ ते १० दिवसांत फुटते. त्यामुळे एकदाच औषध लावून भागत नाही. घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी उजेडात तपासावीत. उवा असतील त्यांनी १ टक्का परमेथ्रिनचे लोशन धुऊन पुसलेल्या केसांना १० मिनिटे लावून धुऊन टाकावे. नवव्या दिवशी पुन्हा लावावे. दिनदर्शिकेवर तशी खूण करावी. मधल्या दिवसांत दोन-तीन दिवसांआड ओल्या केसांतून फणी फिरवावी. तान्ह्या बाळासाठी मात्र डॉक्टरांनाच विचारावे. आपल्या शहरात घाटी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

रॉकेल वा पिकावरचे कीटकनाशक डोक्याला कदापि लावू नये. भाजण्याचा व विषबाधेचा धोका असतो.

शिक्षकांना व पालकांना आमची एकच विनंती आहे. उवा झाल्या म्हणून मुलीला वेगळे बसवू नका. वेगळे बसण्याचे दुःख आपल्या वाडवडिलांनी पुरेपूर भोगले आहे. एका किड्यापायी ते लेकीच्या वाट्याला येऊ नये.